विश्लेषण : ‘नीट’ची तयारी सुरू ठेवून पर्यायी पदवी कोणती घ्यावी?

२०२५ मध्ये नीट-यूजी परीक्षेला २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले. त्यांपैकी १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत आहेत. म्हणजे निकालपत्रावर ‘पात्र’ असे लिहून आलेल्या दहा मुलांमागे जागा एक. उरलेल्या नऊ जणांपैकी काही बीडीएस, बीएएमएसकडे वळतात, काही परदेशाची वाट धरतात आणि बरेच जण ‘आणखी एकदा’ म्हणत वर्षभर थांबतात. थांबताना हाताशी एखादी पदवी चालू ठेवावी का, ठेवली तर कोणती, हा निर्णय मात्र अनेक घरांत जून-जुलैच्या गडबडीत, शेजारच्या मुलाने काय केले ते पाहून होतो. पुढची पाच-सहा वर्षे त्यावर ठरतात.

‘पात्र’ असूनही प्रवेश का मिळत नाही?

पात्रता ही गुणांवर नाही, पर्सेंटाइलवर ठरते. खुल्या प्रवर्गासाठी ५०, राखीव प्रवर्गांसाठी ४० पर्सेंटाइल. २०२५ मध्ये ७२० पैकी १४४ गुण मिळालेला खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी पात्र ठरला. या गुणांवर सरकारी महाविद्यालय तर दूरच, पण घरात पेढे वाटले गेल्याची उदाहरणे कमी नसतील.

दुसरा घोळ गुणांची तुलना करण्याचा. २०२४ मध्ये पेपर सोपा गेला आणि गुण फुगले. त्या वर्षी ६०० गुण घेऊनही खुल्या प्रवर्गात देशपातळीवरील १५ टक्के कोट्यातून सरकारी जागा मिळत नव्हती. २०२५ मध्ये पेपर अवघड निघाला, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते आणि साडेपाचशेला तीच जागा मिळत होती. त्यामुळे ‘मागच्या वेळी ४५० होते, आता दीडशे वाढवायचे’ हे गणित फसवे आहे. आपण जागेपासून किती दूर आहोत हे गुणवत्ता क्रमांक सांगतो. आपल्या प्रवर्गात, आपल्या राज्याच्या ८५ टक्के कोट्यात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला झाला, याच्या याद्या राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. पर्यायी पदवीचा विचार करण्याआधी त्या याद्यांसमोर अर्धा तास बसावे. क्रमांक थोडक्यात हुकला असेल तर एक वर्ष थांबण्यात अर्थ आहे. कित्येक पटींनी मागे असेल, तर पर्यायी पदवीलाच मुख्य रस्ता समजून निवडणे शहाणपणाचे.

निव्वळ थांबायचे की पदवीला प्रवेश घ्यायचा?

नीट देण्यासाठी कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. किती वेळा परीक्षा द्यावी यावरही मर्यादा नाही. ही सवलत दिसायला मोठी आहे. पण मर्यादा नाही म्हणूनच ती घरातल्यांना घालावी लागते.

वयाचा हिशेब मांडून पाहा. अठराव्या वर्षी बारावी झालेल्या मुलीने दोन वर्षे फक्त नीटसाठी दिली, तर ती विसाव्या वर्षी एमबीबीएसला बसेल. तिनेच तीन वर्षांची बीएस्सी करत प्रयत्न केले आणि अगदी पदवी संपल्यावर यश आले, तर ती एकविसाव्या वर्षी बसेल. फरक एका वर्षाचा. पहिल्या वाटेवर अपयश आले तर विसाव्या वर्षी हातात बारावीची गुणपत्रिका असते, दुसऱ्या वाटेवर एकविसाव्या वर्षी पदवी. बीएस्सीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी नीटमध्ये यश आले, तर ती सोडून जाता येतेच.

पहिली पुनर्परीक्षा पूर्णवेळ अभ्यास करून द्यायला हरकत नाही. क्रमांक जवळ आलेला असेल तर ती द्यावीच. दुसऱ्या वेळी मात्र महाविद्यालयात नाव असलेले बरे. लातूर-नांदेडच्या खोल्यांत तिसरे वर्ष काढणाऱ्या मुलांना परीक्षेपेक्षा जास्त छळतो तो ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न. मुलींच्या बाबतीत दुसऱ्या वर्षानंतर स्थळांची चर्चा सुरू होते, हेही ग्रामीण भागातले वास्तव आहे. अशा वेळी चालू असलेली पदवी ही मुलीच्या हातातली ढाल ठरते.

सोडता येणारी पदवी आणि न सोडवणारी पदवी, फरक काय?

‘डॉक्टरकीच्या सर्वांत जवळचे काय?’ असे विचारून पर्याय निवडला जातो. प्रश्नच चुकलेला असल्याने उत्तर बहुधा बीएएमएस किंवा फिजिओथेरपी असे येते. विचारायचे दोन प्रश्न वेगळे आहेत. ही पदवी ऑक्टोबरमध्ये सोडायची वेळ आली तर किती पैसे आणि किती कागदपत्रे अडकतील? आणि सोडायची वेळ कधीच आली नाही, तर ती पूर्ण करून मी समाधानाने कमवू शकेन का?

बीएस्सी पहिल्या प्रश्नाला उत्तम उत्तर देते. अनुदानित महाविद्यालयात तिचे शुल्क कमी असते, प्रवेश रद्द करणे तुलनेने सोपे असते आणि अभ्यासाला वेळ उरतो. दुसऱ्या प्रश्नाला तिचे उत्तर अर्धवट आहे. बीएस्सीनंतर आणखी काहीतरी करावे लागते. बी.फार्म., बीएएमएस, बीपीटीएच, नर्सिंग, कृषी या पदव्या दुसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर देतात, पण त्या वेळ मागतात आणि सोडताना महाग पडतात. दोन्ही गोष्टी एकाच पदवीत शोधणारा विद्यार्थी धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा. नीट आणखी एकदाच, पण जीव ओतून द्यायची असेल तर बीएस्सी. नीट ‘देऊन बघू’ एवढ्यावरच असेल तर व्यावसायिक पदवी घेऊन तिच्यातच मन घालावे.

बीएस्सी घ्यायची तर कोणत्या विषयात?

नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणून प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतले तर नीटला मदत होईल, असा समज आहे. तो फारसा टिकत नाही. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे आणि बीएस्सीचा वर्ग त्याच्या पुढे सुरू होतो. शिवाय अनेक मुले अडतात ती भौतिकशास्त्रात, जीवशास्त्रात नाही. त्यामुळे विषय निवडताना नीट बाजूला ठेवून पदवीनंतरचा बाजार पाहावा.

महाराष्ट्रात तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत औषध आणि रसायन कारखाने आहेत. त्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांना रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर लागतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो, पण एमएस्सी केल्यावर वाट रुंदावते. अन्नप्रक्रिया उद्योगातही सूक्ष्मजीवशास्त्राला मागणी असते. जैवतंत्रज्ञान हे नाव आकर्षक वाटते. मात्र नुसत्या बीएस्सीवर त्यात फार काही हाती लागत नाही, एमएस्सी आणि बहुधा पीएचडीपर्यंत जावे लागते. संशोधनाची खरी आवड असेल तर ‘जॅम’ देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्रातून बीएड किंवा नेट-सेट करत शिक्षकी पेशाकडे जाणारे अनेक आहेत. वर्गात उभे राहायला आवडत असेल तर तो पर्याय वाईट नाही, पण भरतीची वाट पाहण्याची तयारी हवी.

बीएस्सीची एक नवी सोय अजून पुरेशी माहीत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षाचे श्रेयांक पूर्ण करून, जोडीला चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दोन वर्षांनंतर पदविका मिळते. श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुढे चालू करता येते. म्हणजे दुसऱ्या वर्षी सगळे सोडून नीटकडे लक्ष द्यायचे ठरवले, तरी पहिले वर्ष पाण्यात जात नाही. महाविद्यालयात प्रवेश घेतानाच एबीसी खाते उघडले आहे ना आणि श्रेयांक त्यात दिसतात ना, हे पाहून घ्यावे.

हजेरीचा विषयही आधीच स्पष्ट करावा. ‘नुसते नाव घाला, परीक्षेला या’ असे सांगणारी महाविद्यालये आहेत. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना न जाता मिळालेली पदवी मुलाखतीत पाच मिनिटांत उघडी पडते.

बीएएमएस किंवा फिजिओथेरपी करत नीट पुन्हा द्यावी का?

आपल्याकडे सर्वाधिक चुकीचे हिशेब होतात ते इथे. महाराष्ट्रात बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस यांच्याबरोबर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवण व वाचा उपचार हे अभ्यासक्रमही नीटच्या गुणवत्तेवर भरतात. पशुवैद्यकालाही नीटचेच गुण लागतात; तो प्रवेश नागपूरच्या माफसू विद्यापीठामार्फत होतो. त्यामुळे एमबीबीएस हुकले की पसंतीक्रमात पुढचे नाव आपोआप भरले जाते.

बीएएमएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे आहे, एमबीबीएसइतकेच. पहिल्या सत्रात संस्कृत, पदार्थविज्ञान, रचनाशारीर, क्रियाशारीर, संहिता असे विषय असतात. त्यांचा नीटच्या भौतिकशास्त्राशी काही संबंध नाही. ७५ टक्के हजेरी लागते. हे सांभाळून मे महिन्यात पुन्हा नीट देणारे काही जण यशस्वी होतातही, पण ते आधीच काठावर असलेले असतात. बाकीच्यांचे नीटही राहते आणि पहिल्या वर्षाचे विषयही.

आयुर्वेदाची ओढ असेल, पुढे स्वतःचे चिकित्सालय किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातली समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची नोकरी डोळ्यांसमोर असेल, तर बीएएमएस ही पहिल्या पसंतीची पदवी आहे. तिला ‘पर्यायी’ म्हणून साडेपाच वर्षे मनात कुढत राहणे हा त्या शास्त्रावरही अन्याय आहे आणि पुढे येणाऱ्या रुग्णांवरही.

फिजिओथेरपीचे तसेच. खेळाडू, अपघात, अर्धांगवायू, गुडघा बदलाच्या शस्त्रक्रिया या सगळ्यांमुळे या क्षेत्राचे काम तालुक्यापर्यंत पोहोचले आहे. रुग्णांशी रोज बोलायला, हाताने काम करायला आवडणाऱ्यांसाठी ही उत्तम पदवी आहे. नावाआधी काय लावायला मिळेल, एवढ्यासाठीच ती घेणाऱ्यांची मात्र निराशा होते.

नीटशिवायचे रस्ते कोणते?

यातला सर्वांत व्यवहार्य रस्ता एमएचटी-सीईटीच्या पीसीबी गटातून जातो. भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५०, जीवशास्त्र १०० असे दोनशे प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अभ्यासक्रमाचा ८० टक्के भर बारावीवर असतो. नीटची तयारी केलेल्या मुलाला यासाठी वेगळे फारसे काही करावे लागत नाही, फक्त वेगाचा सराव हवा. तरीही ‘आम्हाला डॉक्टरच व्हायचे आहे’ म्हणत अनेक जण हा अर्जच भरत नाहीत आणि जूनमध्ये हळहळतात.

या परीक्षेवर बी.फार्म. मिळते. चार वर्षांची ही पदवी औषधनिर्मिती, संशोधन, दुकान आणि औषध निरीक्षक पदाकडे नेऊ शकते. राज्यात फार्मसी महाविद्यालये भरमसाट झाली आहेत, त्यामुळे इथे पदवीपेक्षा महाविद्यालय जास्त महत्त्वाचे. प्रयोगशाळा कशी आहे आणि मागच्या तुकडीतली मुले कुठे लागली, हे जाऊन पाहावे; माहितीपत्रकातल्या फोटोंवर विसंबू नये.

याच सीईटीवर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतले बीएस्सी (ऑनर्स) कृषी मिळते. जीवशास्त्र आवडणाऱ्या, शेतीची पार्श्वभूमी असलेल्या आणि स्पर्धा परीक्षांचा विचार करणाऱ्या मुलांसाठी हा पर्याय अनेकदा बीएएमएसपेक्षा सरस ठरतो. एमपीएससीच्या कृषी सेवा आणि बँकांतील कृषी अधिकारी पदे याच पदवीधरांसाठी आहेत.

बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी होते. चार वर्षांनंतर लगेच नोकरी मिळण्याची शक्यता या यादीत कदाचित सर्वांत जास्त आहे. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये केलेल्या मनुष्यबळ करारातही परिचारिकांचा समावेश आहे. तरीही ‘डॉक्टर नाही तर नर्स?’ या एका वाक्यावर घराघरांत हा विषय संपतो आणि मुलग्यांच्या बाबतीत तर सुरूही होत नाही.

आणि ज्यांना जीवशास्त्रातले मूलभूत संशोधनच भुरळ घालते, त्यांनी पुण्यासह सात ठिकाणी असलेल्या आयसरची प्रवेश परीक्षा पाहावी. जीव, रसायन, भौतिक आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. गणित सोडलेल्यांना ती जड जाते, पण दार बंद नाही. मात्र बारावी होऊन फार वर्षे झालेल्यांना ती देता येत नाही, त्यामुळे नीटसाठी थांबत राहिल्यास हे दार आपोआप मिटते.

प्रवेश रद्द केल्यास शुल्क आणि कागदपत्रांचे काय?

पर्यायी पदवीची खरी किंमत इथे कळते. बीएस्सीसारख्या पारंपरिक पदव्यांसाठी यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि ३० दिवसांनंतर काहीच नाही. गेल्या काही वर्षांत नीटसारख्या परीक्षांच्या फेऱ्या लांबल्याने यूजीसीने परताव्यासाठी खास मुदतीही जाहीर केल्या. याच नियमानुसार महाविद्यालयाला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. पडताळून लगेच परत द्यावी लागतात. ‘शुल्क भरा, मग दाखला देतो’ असे उत्तर मिळाल्यास विद्यापीठाकडे लेखी तक्रार करावी.

सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांचे नियम वेगळे आहेत आणि ठरलेल्या तारखेनंतर ते कडक होतात. माहितीपुस्तिकेतले प्रवेश रद्द करण्याचे प्रकरण पसंतीक्रम भरण्याआधी वाचावे. फेरी लागल्यावर वाचून उपयोग नसतो.

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्याने २०२४-२५ पासून लागू केला. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर ‘आत्ताच जागा धरून ठेवा’ म्हणणाऱ्याचे ऐकले, तर ही सवलत हातची जाते.

मध्ये वर्ष गेलेल्यांना प्रवेशाच्या वेळी खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, जातवैधता अर्ज तसाच पडलेला असतो. नीटच्या अभ्यासाच्या वर्षात ही कामे पालकांनी उरकावीत.

बीएस्सी झाल्यावर एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो का?

नाही. भारतात एमबीबीएसला थेट वरच्या वर्षात प्रवेशाची सोय नाही. पदवीधरालाही नीट देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. अमेरिकेत सर्वसाधारणपणे चार वर्षांची पदवी झाल्यावरच ‘एमकॅट’ देऊन वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

वैद्यकीय क्षेत्रात राहायचे पण डॉक्टर म्हणून नाही, अशी वाट मात्र पदवीनंतर उघडते. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे. टाटा संस्थेत रुग्णालय प्रशासनही शिकता येते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आरोग्याच्या आकडेवारीवर काम करणारे अभ्यासक घडतात. एखाद्या जिल्ह्यातला कुपोषणाचा प्रश्न सोडवण्यात अशा माणसांचा वाटा डॉक्टरइतकाच असतो, पण बारावीच्या मुलाला हे कुणी सांगत नाही.

थांबायचे कधी, हे कुणी ठरवायचे?

मुलाने आणि पालकांनी मिळून, निकालाच्या आधी. किती प्रयत्न, किती खर्च आणि कितव्या क्रमांकाच्या आत आल्यास पुढे चालू ठेवायचे, हे तीन आकडे जानेवारीत कागदावर लिहून ठेवावेत. निकालाच्या दिवशी घेतलेले निर्णय एक तर रागात असतात किंवा रडत घेतलेले. शेत विकून किंवा कर्ज काढून खासगी महाविद्यालयाची जागा घेण्याचा विचार असेल, तर तोही तेव्हाच मांडावा; त्या कर्जाचे ओझे आपल्यावर आहे हे मुलाला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळता कामा नये.

मूल अबोल झाले असेल, जेवण-झोप बिघडली असेल तर शिकवणी बदलण्याआधी बोलणे गरजेचे आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.